शेठ, दाढी कोणाची ते आधी विचारा

प्रति,
आमच्या पेठेतल्या प्रसाधनांच्या दुकानाचे मालक यांस,

शेठ,

तुमचं नाव या पत्रात लिहीत नाही, दुकानाचंही नाही. तुमच्यासारखा सल्ला देणारे गावोगावी आहेत आणि हे पत्र त्या सगळ्यांना आहे. पण तुम्ही वाचाल तेव्हा तुम्हाला ओळख पटेल.

गेल्या श्रावणात मी दुकानात आलो होतो. "वडिलांसाठी दाढीची पाती हवीत. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, कातडी फार नाजूक झालीय, जरा मवाळ काही असेल तर द्या," एवढंच मी म्हटलं. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तुम्ही वरच्या फळीवरचं पाकीट काढलंत आणि म्हणालात, "मवाळ-बिवाळ काही नसतं साहेब. जितकी धार जास्त, तितकी दाढी मऊ. हे घ्या, यापेक्षा धारदार पातं बाजारात नाही." मी पुन्हा विचारलं, म्हाताऱ्या माणसाला चालेल ना? तुम्ही हसलात. "लोखंडाला काय कळतंय म्हातारा की तरणा!"

हे एवढं वाक्य तुम्ही खरं बोललात. लोखंडाला कळत नाही. म्हणूनच गल्ल्यावर माणूस बसवतात.

नानांचा हात थरथरतो, त्यामुळे गेली दोन वर्षं त्यांची दाढी मी करून देतो. साठ वर्षं त्यांनी स्वतः केली: पितळी वाटीत साबण, ब्रशने काढलेला फेस, खिडकीत टांगलेला आरसा. ती सवय मोडायची नाही म्हणून आम्ही तोच सरंजाम ठेवलाय. तुमचं पातं लावलं त्या दिवशी तिसऱ्या हाताला जबड्याच्या कोपऱ्यावर रक्त आलं. मग हनुवटीवर. मग कंठमण्याच्या बाजूला, दोन ठिकाणी. हृदयाच्या दुखण्यामुळे नाना रोज अ‍ॅस्पिरिनची गोळी घेतात. तरण्या माणसाचं जे रक्त दोन मिनिटांत थांबतं, त्याला नानांच्या बाबतीत बराच वेळ लागतो. तुरटी लावली, कापूस दाबून धरला, सदऱ्याची कॉलर लाल झाली. नाना ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "आज तुझा हात जड पडतोय का रे?"

शेठ, तो प्रश्न मी अजून विसरलेलो नाही. दोन दिवस मला वाटत होतं की चूक माझ्या हाताचीच आहे. तिसऱ्या दिवशी तेच पातं मी माझ्या दाढीला लावून पाहिलं आणि उमगलं. माझ्या राठ दाढीतून ते लोण्यातून जावं तसं गेलं, पण गळ्याच्या कातडीवर जिथे जरा टेकलं तिथे कातडीही घेऊन गेलं.

तुम्ही दिलेलं पातं कुठल्या कंपनीचं, तेही मी लिहिणार नाही, कारण दोष पात्याचा नाही. दाट, राठ दाढी आणि सरावलेला हात असेल तर असं पातं उत्तमच. जपानचं फेदर धारेसाठी जगभर नावाजलेलं आहे आणि ज्यांना ते मानवतं ते दुसऱ्याला हात लावत नाहीत. मला त्यांच्याशी भांडायचं नाही. माझं भांडण 'सगळ्यांना एकच औषध' देणाऱ्या तुमच्या जिभेशी आहे.

तुम्ही म्हणालात, मवाळ असं काही नसतं. असतं. तुम्ही आयुष्यभर जी वस्तू विकलीत ती कशी बनते, ते एकदा ऐकून घ्या.

दुधारी पातं म्हणजे साधारण 0.1 मिलिमीटर जाडीची पोलादाची पट्टी. तिला दोन्ही बाजूंनी धार लावतात. त्या नुसत्या धारेने दाढी केली तर ती ओढते, खरवडते. म्हणून धारेवर अतिशय पातळ थर चढवतात. क्रोमियम किंवा प्लॅटिनमचा थर धार टिकावी म्हणून, आणि वरून टेफ्लॉनच्या जातीचा थर पातं घसरावं म्हणून. हा वरचा थरच मवाळपणाचं अर्धं मर्म आहे. दोन पात्यांची धार सारखी असेल, पण एकाचा लेप नीट बसलेला आणि दुसऱ्याचा नाही, तर पहिलं गालावरून सरकेल आणि दुसरं अडखळेल. पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'प्लॅटिनम' लिहिलेलं असतं, त्यातून यातलं काहीच कळत नाही.

आणि मवाळ म्हणजे बोथट नव्हे, हेही लिहून ठेवा. बोथट पातं तर सगळ्यात वाईट. ते केस कापत नाही, ओढतं. मग माणूस दाबतो, त्याच जागेवरून चार-चारदा फिरवतो आणि कातडी सोलून निघते. मवाळ पातं केस पहिल्या हातात कापण्याइतकं धारदार असतं, पण हाताची बारीकशी चूक पोटात घालतं. त्या दोन टोकांच्या मधली जागा प्रत्येकाच्या चेहऱ्यावर वेगळी असते. ती सापडायला वेळ लागतो. तुम्हाला ती फळीवर तयार सापडली होती.

या वस्तूचा इतिहासही तुमच्या सल्ल्याच्या बाजूने बोलत नाही. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट नावाचा एक फिरता विक्रेता होता. बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कंपनीचा माल तो विकत असे. वापरून टाकून देता येईल असं पातळ, स्वस्त पातं करायचं त्याने मनात घेतलं. इतक्या पातळ पत्र्याला टिकाऊ धार येणारच नाही, असं जाणकार सांगत होते. विल्यम निकरसन या अभियंत्याने ते जमवलं. 1903 साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्यांचे 51 रेझर आणि 168 पाती खपली. 1904 साली पेटंट मिळालं आणि पुढचं जगाला ठाऊक आहे. त्याआधी वस्तऱ्याने दाढी करायला न्हाव्याचा हात लागायचा किंवा वर्षांचा सराव. हा रेझर आला तो कसबी हात नसलेल्या माणसालाही घरच्या घरी, न कापता दाढी करता यावी म्हणून. अशा वस्तूच्या दुकानात बसून 'धार, धार आणि धारच' सांगणं म्हणजे त्या वस्तूचा हेतूच पुसून टाकणं.

नानांच्या तरुणपणी पाती साध्या कार्बन पोलादाची होती. पुसून ठेवली नाहीत तर दुसऱ्या दिवशी गंजायची. बोथट झालं की काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला बोटाने घासून दोन दिवस आणखी चालवायचं. अगदी गेलं की अर्धं मोडून पोरांच्या पेन्सिलीला टोक काढायला. 1962 च्या सुमारास इंग्लंडच्या विल्किन्सन स्वोर्डने लेप दिलेलं स्टेनलेस पातं बाजारात आणलं आणि सगळ्या कंपन्यांना त्या वाटेने जावं लागलं. पुढे आपल्याकडेही अशी पाती घरोघर आली. सुपर-मॅक्सची पाती तर आपल्या ठाण्यात बनायची. म्हणजे तुमच्या वरच्या फळीकडे न बघताही या देशात साधी, चांगली पाती मिळत आली आहेत. तुम्ही खालच्या फळीवरचं पाकीट काढलंच नाहीत, कारण त्यात सुटतं कमी. हे मी मनाने लिहीत नाही. मी पुन्हा आलो तेव्हा तुम्हीच तोंडाने सांगितलंत: "त्यात काय मिळतं आम्हाला?"

आमच्या चौकातल्या सलूनवाल्या दादांकडून शिका. माणूस खुर्चीत बसला की ते आधी गालावरून उलटा-सुलटा हात फिरवतात. केस कुठे वळतात, कुठे राठ आहेत, पुटकुळी कुठे आहे, ते बोटांनी वाचतात. मग नवं पातं मोडून अर्धं वस्तऱ्यात लावतात. हातात पातं धरण्याआधी माणूस पाहायचा, ही त्यांची रीत. त्यांच्याकडे जाऊन मी नानांची गोष्ट सांगितली. त्यांनी जे सांगितलं आणि मी पुढे स्वतः करून पाहिलं, ते तुमच्यासाठी इथे उतरवतो, कारण तुमच्या गिऱ्हाइकांना ते उद्याच उपयोगी पडेल.

पात्याआधी रेझर पाहायचा. पातं आणि कडा यांच्यातली फट मोठी असेल, पातं बाहेर जास्त डोकावत असेल, तर कितीही मवाळ पातं घाला, ते बोचणारच. दातेरी, उघड्या कंगव्याचा रेझर वाढलेल्या दाढीला चांगला, पण म्हाताऱ्या सैल कातडीला सरळ कडेचाच बरा. पातं नीट आवळलं गेलं नाही तर ते थरथरतं आणि दोष पात्याच्या नावावर जातो. आमच्या जुन्या रेझरची दांडी सैल झाली होती. तो बदलल्यावर निम्मा त्रास तिथेच संपला.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तोच रेझर, तोच साबण, तेच कोमट पाणी, बदलायचं फक्त पातं. मी चार वेगवेगळ्या पात्यांची पाच-पाचची पाकिटं आणली आणि प्रत्येकाला तीन दाढ्यांची संधी दिली. पहिल्या दाढीवरून निकाल द्यायचा नाही, कारण काही पाती दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा सौम्य लागतात. आणि मोजमाप करायचं तुरटीने. दाढी झाल्यावर ओल्या गालावरून तुरटीचा खडा फिरवायचा. जिथे झोंबेल तिथे पात्याने केसाबरोबर कातडीही घेतली आहे, डोळ्यांना ओरखडा दिसो न दिसो. नाना शांतपणे बोट ठेवून दाखवायचे, "इथे. आणि इथे." चौथ्या पात्याला त्यांनी बोट ठेवलंच नाही.

तिसरी गोष्ट, पातं वेळेवर टाकायचं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 2020 साली दाखवून दिलं की पोलादापेक्षा सुमारे 50 पट मऊ असलेला केसही पात्याच्या धारेचे बारीक कपचे उडवतो. केस पात्याला तिरका भेटला आणि त्याच जागी पोलादाची घडण कमी-जास्त असली, की धार तुटते. म्हणून 'अजून चालतंय' म्हणत आठवडाभर ओढलेलं पातं हे मवाळ पातं राहत नाही. आमच्याकडे तीन दाढ्या झाल्या की ते जातं. कचऱ्यात मोकळं नाही, झाकणाच्या डब्यात, कारण तो कचरा दुसरं कुणीतरी हाताने वेचतं. हेही तुम्ही कधी गिऱ्हाइकाला सांगितलेलं मी ऐकलं नाही.

बाकी हाताचं काम. ओला गरम रुमाल दोन-तीन मिनिटं गालावर ठेवायचा, केस पाणी पिऊन नरम होतात. एका हाताने सैल कातडी ताणून धरायची. रेझर दाबायचा नाही, त्याचं वजन पुरतं. केसांच्या दिशेनेच, छोटे हात, उलटा हात अजिबात नाही. म्हाताऱ्या माणसाचा गाल घोटून गुळगुळीत करून कुणाचं भलं होत नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारायचं. अशा माणसांसाठी विजेवरचं यंत्र जास्त सुरक्षित, आणि आम्हालाही डॉक्टरांनी आधी तेच सुचवलं होतं. नानांना फेसाशिवाय दाढी झाल्यासारखी वाटत नाही. मी रोज स्वतः, सावकाश करणार असेन तरच, असं बजावून डॉक्टरांनी परवानगी दिली. हे तुम्ही त्या दिवशी विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

नानांना जे चौथं पातं मानवलं ते साधं, स्वस्त, तुमच्या खालच्या फळीवरच धूळ खात पडलेलं आहे. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर उद्यापासून तुम्ही तेच प्रत्येकाच्या हातात ठेवाल: नुकती मिसरूड फुटलेल्या पोराच्याही आणि दाट दाढीच्या पैलवानाच्याही. मग तो पैलवान दाढी ओढून रक्तबंबाळ होईल आणि त्याचंही पत्र तुम्हाला येईल.

सहा महिने झाले, नानांच्या चेहऱ्यावर ओरखडा नाही. सकाळी फेस लावला की ते डोळे मिटून घेतात, हे आता पुन्हा होऊ लागलंय. तुमच्या पाकिटातली उरलेली नऊ पाती मी चौकातल्या दादांना देऊन टाकली. त्यांच्या हातात ती योग्य माणसाला लागतील.

शेठ, तुमच्याकडे रोज कुणीतरी येतं. कुणी पहिली दाढी करणाऱ्या मुलासाठी, कुणी अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांसाठी, कुणी स्वतःसाठी. फळीकडे हात न्यायच्या आधी त्यांना एवढंच विचारा: दाढी कोणाची करायची आहे, कातडी कशी आहे, रेझर कुठला आहे? आणि पूर्ण पाकीट खपवण्याऐवजी चार जातींची लहान पाकिटं द्या. गिऱ्हाईक परत आलं तर त्याचं ऐका. एवढं कराल तर मी पुन्हा तुमच्याच दुकानात येईन.

आपलं जुनं गिऱ्हाईक