किंचाळल्याशिवाय घाबरवून दाखवा

भयपटाचा ट्रेलर आता आपल्याला पाठ झालाय. जोडपं जुन्या वाड्यात राहायला येतं. लहान मुलगी रिकाम्या कोपऱ्याकडे बघून कुणाशी तरी बोलते. म्हातारा गडी बजावतो, रात्री माडीवर जाऊ नका. ते जातात. दिवा जातो. सगळं चिडीचूप. मग कानठळ्या.

चित्रपटाचं नाव झळकतं. आपण श्वास सोडतो. तेवढ्यात नावामागून आणखी एक किंकाळी.

यात भीती कुठे आहे? कानाशी लवंगी लावली तरी माणूस दचकतोच.

दचकवायला अर्धा सेकंद पुरतो. घाबरवायला वेळ द्यावा लागतो. तो द्यायला आता कुणी तयार नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या गारगोटीच्या प्रेक्षकाला हे परवडत नाही, म्हणून तक्रार. मोठ्या पडद्यावर नवा चित्रपट बघायचा तर कोल्हापूर गाठायचं, पन्नासेक किलोमीटर. जाणं-येणं, तिकिटं, मध्यंतरात पोरांचा हट्ट आणि परतीच्या एसटीची धाकधूक. चार माणसांच्या घरातला हा निर्णय कशावर होतो? मोबाईलवरच्या अडीच मिनिटांवर. ट्रेलरनं फसवलं तर शहरातल्या माणसाची संध्याकाळ जाते, आमचा अख्खा रविवार.

स्टँडवर बघा कधी. कॉलेजची दोन पोरं, एकच इयरफोन. एक टोक याच्या कानात, दुसरं त्याच्या. गाडी लागेपर्यंत तीन ट्रेलर होतात. तिन्हींत भूत एकाच सेकंदाला ओरडतं.

त्यालाही कारण आहे. भयपटाच्या आवाजाची खरी ताकद खर्जात असते. कानाला नीट कळायच्या आधी छातीला जाणवणारी घरघर. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरमधून खर्ज निघतच नाही. मग पट्टी वर चढवायची. किंकाळी, बिजागरीची करकर, काच फुटणं. हे सगळं मोबाईलवर खणखणीत पोचतं.

भुताचा गळा आता स्पीकरच्या मापानं बेतला जातो.

किंकाळी काम करते, हे मान्य. डॅनियल ब्लूमस्टाइन हे अमेरिकेतले शास्त्रज्ञ. मार्मोट नावाच्या, खारीच्या कुळातल्या प्राण्याचा त्यांचा अभ्यास. पकडलेलं पिल्लू जिवाच्या आकांतानं ओरडतं तेव्हा आवाज फाटतो, चिरकतो. तसा आवाज सिनेमातही असतो का, हे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर तपासलं. २०१० साली निष्कर्ष छापला. भयपटांत फाटक्या किंकाळ्या अधिक सापडल्या. सिनेमावाल्यांनी जीवशास्त्र न शिकताच ही नस पकडली होती.

पण नस सापडली म्हणून दर दहा सेकंदांनी दाबायची?

हिचकॉकनं १९६० साली ‘सायको’चा ट्रेलर केला. सहा मिनिटांहून मोठा. त्यात तो स्वतः मोटेल दाखवत फिरतो. इथे काय झालं ते सांगू लागतो आणि वाक्य अर्धवट सोडतो. बोलणं अगदी घर दाखवणाऱ्या एजंटासारखं. शेवटी न्हाणीघराचा पडदा सरकतो आणि एकच किंकाळी. ती किंचाळणारी बाईसुद्धा चित्रपटातल्या त्या प्रसंगातली नाही. जॅनेट लीच्या जागी केसांचा टोप घातलेली व्हेरा माइल्स आहे.

एवढा मोठा ट्रेलर. गोष्ट मात्र शाबूत.

१९८० च्या ‘द शायनिंग’नं तर हद्द केली. टीझरभर एकच दृश्य. लिफ्टची बंद दारं, वर सरकणारी नावं, आणि मग दारांतून रक्ताचा लोंढा. कथा काय? पात्रं कोण? काही नाही. माणसं तरीही गेली. की त्यामुळेच गेली?

आपल्या ट्रेलरमध्ये मात्र भूत कोण होतं, कसं मेलं, कुणी मारलं, मांत्रिक कुठून आणला, सगळं अडीच मिनिटांत उरकतं. उरतो फक्त शेवट. तो पोस्टरवर दिसतो.

आणि हे होतंय कुठे? ज्या जिल्ह्यानं पडद्यावरचा थरार शिकवला, तिथे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यातला भीमाच्या हातचा कीचकवध इतका खराखुरा उतरला की आक्षेप आले आणि त्या दृश्याला कात्री लागली. सिनेमा मुका. ना किंकाळी, ना ढणढणाट. आवाज नसताना प्रेक्षक हादरला.

सिनेमाची जाहिरातही चित्रातून करायची, हे पेंटरांनीच दाखवून दिलं. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चं १९२४ चं पोस्टर आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या उरलेल्या चित्रपट-पोस्टरांत गणलं जातं. एका चित्रात माणूस थांबवायचा आणि तिकीट-खिडकीपर्यंत न्यायचा. ही कला इथली आहे. मग आज उसनवारी कशाला?

भीती उसनी आणायची गरजच नाही. ऊस बघा.

आमच्या भुदरगड तालुक्यात ज्यानं रात्री पाण्याची दारं धरलीत, त्याला विचारा. शेतीची लाइट रात्रीची असली की बॅटरी घेऊन फडात शिरायचं. दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच ऊस. पायाखाली चिखल, सरीतून सरकणारं पाणी. वारा नसताना मध्येच पाला वाजतो. पाणी असेल. उंदीर असेल. साप असेल. गवा असेल. आपण थांबलो की तोही आवाज थांबतो.

याला कुठलं पार्श्वसंगीत हवंय?

विशाल फुरियानं हे ओळखलं. २०१७ चा त्याचा ‘लपाछपी’ उसाच्या रानातच घडतो. गरोदर बाई, एकटं घर, चहूकडे ऊस. पूजा सावंत आणि उषा नाईक. २०२१ मध्ये त्यानंच तो हिंदीत ‘छोरी’ म्हणून केला. भाषा बदलली, नटी बदलली, ऊस राहिला. त्या उसात काय दडलंय ते इथे फोडणार नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, ते भूत परगावाहून आलेलं नाही.

‘तुंबाड’चंही तसंच. राही अनिल बर्वेनं पाऊस कोसळतच ठेवला. अनेक पावसाळे वाट बघून चित्रीकरण केलं. लोभाची गोष्ट, आणि त्यातल्या म्हातारीला झोपवायला हस्तर या शापित देवाचं नुसतं नाव पुरतं. २०१८ च्या ऑक्टोबरात चित्रपट लागला, गर्दी बेताची. २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त गल्ला करून गेला. मधल्या सहा वर्षांत कुणी प्रचार केला? घरी बसून पाहिलेल्यांनी. तेही नुसतं ‘पाहा’ म्हणाले आणि पुढचं सांगायला तयार झाले नाहीत.

ट्रेलरनं एवढंच करायचं असतं.

आता सगळ्यात खुपणारी गोष्ट. ट्रेलरच्या सुरुवातीची ती काळी पाटी: ‘सत्य घटनेवर आधारित’. कुठली घटना? गाव कोणतं, साल कोणतं? कुठल्या पोलीस ठाण्यात नोंद? उत्तर नाही. पाटीखाली लगेच नऊवारी नेसलेली, केस सोडलेली म्हातारी.

मल्टिप्लेक्सच्या खुर्चीत ही पाटी खपून जाते. खेड्यात ती हसण्यावारी नेता येत नाही. अंगात आलंय म्हणून बाईला बांधून मारणं, भूत उतरवायच्या नावाखाली छळणं, हे थांबावं म्हणून महाराष्ट्राला २०१३ साली कायदा करावा लागला. त्याच वर्षी, या कायद्यासाठी झगडलेल्या नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. विवेकवादी कार्यकर्ते गोविंद पानसरेंवर तर २०१५ साली कोल्हापुरातच गोळ्या झाडल्या गेल्या. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईकडे संशयानं बघणारी नजर अजून गेलेली नाही. त्या नजरेला पडद्यावरून ‘सत्य’ असा शिक्का कशाला मारून द्यायचा?

भयपट करा. जरूर करा. आम्ही कोल्हापूरपर्यंत येऊ, रात्री घाटात गाडी थांबवायला घाबरू, आठवडाभर माडीवर एकटे जाणार नाही. पण घटना खरी असेल तर गाव आणि साल पडद्यावर लिहा. नसेल तर ती पाटी पुढच्या ट्रेलरमधून काढा.