हजेरीपटावरचा बर्फ

समुद्रबर्फ म्हणजे उणे १.८ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठलेले समुद्राचेच पाणी. आर्क्टिकमध्ये तो मार्चमध्ये सर्वाधिक पसरतो आणि सप्टेंबरात सर्वांत आक्रसतो. १९७९ पासून उपग्रह त्याची सलग हजेरी मांडत आहेत. त्या वर्षीच्या सप्टेंबरात सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ हजर होता. २०१२च्या सप्टेंबरात जेमतेम ३४ लाख. गैरहजेरीचे कारण सर्वांना ठाऊक असल्याने ‘कारणे दाखवा’ नोटीस कोणालाच निघालेली नाही.

ऊन परत पाठवणे हे बर्फाचे मुख्य काम. अंगावर ताजे हिम असलेला बर्फ ८० टक्क्यांहून अधिक ऊन परतवतो. उघडा, काळा समुद्र ९० टक्क्यांहून अधिक गिळतो. गिळलेल्या उन्हाने पाणी तापते, मग हिवाळ्यात बर्फ उशिरा आणि पातळ धरतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात लवकर रजेवर जातो. अनेक उन्हाळे काढलेला जाड, कायम सेवेतला बर्फ फार थोडा उरला आहे; बाकी सगळी हंगामी भरती.

या नुकसानीत फायदा शोधायला मात्र कोणी उशीर केला नाही. २००७ मध्ये रशियाने उत्तर ध्रुवाखाली चार किलोमीटरहून खोल समुद्रतळावर टायटॅनियमचा झेंडा रोवला. सातबाऱ्यावर नाव चढवण्याआधी कुंपण घालावे, तसाच हा प्रकार. २०१७ मध्ये ‘क्रिस्तोफ द मार्जरी’ हे जहाज सोबतीला बर्फफोडे जहाज न घेता नॉर्वेहून आर्क्टिकच्या वाटेने दक्षिण कोरियाला पोचले. त्यात भरला होता द्रवरूप नैसर्गिक वायू. ज्या जातीच्या इंधनाने वाट मोकळी केली, त्याच जातीच्या इंधनाला ती जवळची पडली.

दक्षिणेत अंटार्क्टिकाभोवतीचा बर्फ २०१४पर्यंत किंचित वाढत होता आणि तापमानवाढ न मानणाऱ्यांचा तो लाडका साक्षीदार होता. २०१६ नंतर साक्षीदार फिरला. २०२३च्या फेब्रुवारीत १८ लाख चौरस किलोमीटरच्याही खाली गेला. तरंगता बर्फ वितळून समुद्राची पातळी फारशी वाढत नाही, हा त्यांचा दुसरा मुद्दा बरोबर आहे. तो बहुधा हातात ग्लास असतानाच मांडला जातो.

भारताचा ध्रुवीय हिशेब गोव्यात, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात ठेवला जातो. उन्हाळ्यात आर्क्टिकमधल्या कारा समुद्रावरचा बर्फ घटणे आणि सप्टेंबरात भारतात होणारी अतिवृष्टी यांचा संबंध असू शकतो, असे तिथल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडले. भिजलेल्या सोयाबीनच्या पंचनाम्यात कारा समुद्राचा रकाना अजून नाही.