नाडी कुणाची, बातमी कुणाची!

"आशाताई, कळलं का? समोरच्या घरातल्या नव्या सुनेला दिवस गेलेत म्हणे!"

"कोण म्हणतंय, काकू?"

"अगं, मावशीबाईंनी काल नाडी बघितली. हात धरला न धरला तोच म्हणाल्या, लई पळायली. वर उजवी नाडी जड लागायली, म्हणजे पोरगाच."

"ते पोरगा-पोरगी तर कुठं बोलूच नका. 1994 चा कायदा हाय, पोटातलं लेकरू मुलगा की मुलगी हे सांगणं गुन्हा. अन् नाडीवरून ते कळतही नाही. बरं, मावशींनी नाडी धरली कशानं?"

"अंगठ्यानं. चांगला दाबून."

"झालं मग! अंगठ्यात आपलीच नाडी उडते. मावशी स्वतःचीच मोजत बसल्या असतील."

"अगं बया!"

"शिवाय काल नळाला पाणी आलतं. ती पोरगी दोन मजले हंडे चढवत होती, नाडी पळणार नाही तर काय? आणा तुमचा हात. अशी तीन बोटं मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला. घड्याळ बघून पुरतं मिनिटभर मोजायचं. मधी बोलू नका... 98."

"म्हंजे गं?"

"म्हंजे मावशींच्या हिशेबानं पेढे तुम्हीच वाटा!"

"गप बस! नातीला शाळेत सोडून आत्ता पळत आलेय मी."

"तेच म्हणते मी. मोठ्या माणसाची बसल्या जागी 60 ते 100 असते. ऊन, ताप, चहा, भीती, थायरॉइड, अंगात रक्त कमी, कशानंही वाढते."

"पण पोटुशीपणात वाढते हे खरं ना?"

"खरं. अंगातलं रक्त जवळपास दीडपट होतं, हृदयाचं काम वाढतं, मिनिटाला 10-20 ठोके जास्त पडतात. पण ते हळूहळू, अन् शेवटच्या महिन्यांत जास्त. आधी तिची नाडी किती होती हेच कुणी मोजलं नाही, तर वाढली कशावरून म्हणायचं?"

"जुने वैद्य सांगायचे की! आयुर्वेदातलं हाय ते."

"माझा भाचा तेच शिकतो, त्याला विचारलं. तो म्हणाला, चरकसंहितेत गरोदरपणाची लक्षणं दिलीत: पाळी न येणं, तोंडाला पाणी सुटणं, अन्न नको वाटणं, उलटी, आंबट खावंसं वाटणं. त्या यादीत नाडी नाही. नाडीपरीक्षा सविस्तर आली ती शार्ङ्गधराच्या ग्रंथात, चरकाच्या कितीतरी शतकं नंतर."

"मग खरं कळायचं कसं?"

"पाळी चुकून आठवडा झाला की सकाळच्या पहिल्या लघवीचे दोन-तीन थेंब माझ्याकडच्या 'निश्चय' किटवर टाकायचे अन् पाच मिनिटं थांबायचं. दोन रेघा आल्या तर दिवस गेलेत. एकच आली अन् पाळी आलीच नाही, तर आठवड्यानं परत."

"दे मग एक. मी नेऊन देते तिला."

"तिनं मागितली तर तिच्याच हातात देईन. काकू, तिची नाडी बसल्या जागीही पळत असेल, तर मला पेढ्यांआधी तिच्या रक्ताची काळजी वाटते. दिवस गेलेले असोत-नसोत, हिमोग्लोबिन तपासायलाच पाहिजे. अन् दोन रेघा आल्याच, तर बारा आठवड्यांच्या आत नोंदणी. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची फुकट तपासणी असते. गांधी चमनच्या स्त्री रुग्णालयात मी स्वतः घेऊन जाईन. अन् ते हंडे सासूबाईंनी तिच्या नवऱ्याला उचलायला सांगावेत, ते तर आजपासूनच."

"ते मी सांगते सासूला. तेवढं जमतं मला. पण रेघा आल्या की मला पहिलं सांगशील ना?"

"तुम्हाला सगळ्यात शेवटी."

"का गं? मी काय परकी हाय?"

"परक्या नाहीत हो. पण तुमच्या कानावर पडलेली बातमी नाडीपेक्षा जोरात पळते."