उधन्याचे घोटभास्कर

"पहिला घोट लगेच गिळायचा नाही, गुरुजी. जिभेवर खेळवायचा. टोकाला गोड कळतं, कडांना आंबट, पार मागं कडू. मग तोंड मिटायचं आन् नाकानं श्वास सोडायचा. खरी चव नाकात राह्यते."

आप्पा हे सांगत असतात तेव्हा त्यांच्या हातात जिरा सोडा असतो. सोडावाला मान डोलावत ऐकतो, कारण आधीच्या दोन ग्लासांचे पैसे अजून यायचे असतात. जिभेचा हा नकाशा शास्त्रज्ञांनी केव्हाच मोडीत काढला, सगळ्या चवी जिभेच्या सगळ्या भागांना कळतात, असं मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. "तुमच्या जिभेला कळत असतील," आप्पा म्हणाले.

आप्पा म्हणजे आमच्या उधन्यातले मद्याचे जाणकार. नवी बिअर, नवी व्हिस्की, नवी जिन, कुठलंसं कॉकटेल, काहीही बाजारात आलं की त्यावर आप्पांचं मत तयार असतं. आता उधना सुरतेत, सुरत गुजरातेत, आणि गुजरातेत दारूबंदी. जुन्या मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा राज्यं वेगळी झाली तेव्हा दोघांच्याही वाटणीला आला. महाराष्ट्रानं पुढे त्याला परवान्याची खिडकी पाडून घेतली, गुजरातनं भिंत तशीच ठेवली. अशा मुलखात चोरून पिणारा सापडला तर नवल नाही. पण रसिक? समीक्षक? तोही सापडतो. लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, जिथे जिथे खान्देशी माणूस लूमच्या मागे येऊन वसला, तिथे गल्लीत एक तरी आप्पा आहेच. वर्षाकाठी त्यांचं चाखणं होतं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. बोलणं मात्र बारमाही.

आमचे आप्पा मूळचे रावेरकडचे, केळीच्या पट्ट्यातले. हयात गेली कापडाच्या फोल्डिंगमध्ये. ताका उलगडायचा, हात फिरवायचा आणि तुटका धागा, डाग, विणीतली चूक पकडायची. ताक्यावरून हात फिरवल्यासारखाच घोट जिभेवरून फिरवायचा, एवढंच काय ते शास्त्र, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांची परिभाषाही खात्यातली. एखादी व्हिस्की त्यांना "विरळ विणीची" वाटते. एखाद्या रमचा "पोत भरलेला" असतो. एका नामांकित स्कॉचबद्दल त्यांचं मत आहे, "फिनिशिंग झकास, पण ग्रे मालच हलका."

मग चाखतात कुठे? आप्पा कायदा पाळणारे आहेत, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. सरहद्दीपलीकडून बाटली आणायचं त्यांनी कधी मनातसुद्धा आणलं नाही. ते स्वतः सरहद्दीपलीकडे जातात. एक वाट वापीमार्गे दमणला. तिथे १९६१ पर्यंत पोर्तुगीज होते, आणि जाताना त्यांनी दारूबंदी ठेवून जायचं काही कारण नव्हतं. दमणचा बेत पक्का: दुपारी चाखायचं, रात्री तिथेच झोपायचं, सकाळी आंघोळ आणि पोहे उरकून निघायचं. ३१ डिसेंबरला नाक्यावर पोलीस परतणाऱ्यांची तोंडं हुंगतात, त्या दिवशी आप्पा घरी असतात. "गर्दीत चव कळत नाही," हे अधिकृत कारण.

दुसरी वाट ताप्तीकाठच्या गाडीनं. बारडोली, व्यारा, सोनगड आणि मग नवापूर. नवापूरचं स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. फलाटावरच्या बाकाच्या मधोमध सीमारेषा रंगवलेली आहे, तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तर गुजरातेत. बाकाच्या गुजरातकडच्या टोकाला दारूबंदी, दुसऱ्या टोकाला नाही. खान्देशातल्या लग्नांना जाताना गाडी इथे थांबली की आप्पा खाली उतरून त्या बाकाच्या महाराष्ट्राकडच्या अर्ध्यावर दोन मिनिटं बसून येतात. पीत काही नाहीत. "मोकळं वाटतं," म्हणतात.

पण आप्पांची खरी पदवी पुण्याची. त्यांचा भाचा हिंजवडीला नोकरी करतो. पुण्यात २००९ साली डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली, आणि जागेवर बनवलेली ताजी बिअर देणारी ठिकाणं तेव्हापासून वाढतच गेली. भाच्यानं मामाला अशाच एका ठिकाणी नेलं. मीही तेव्हा एका लग्नाला पुण्यात होतो, म्हणून सोबत गेलो. वेटरनं लाकडी पाटीवर छोटे छोटे ग्लास मांडून आणले, प्रत्येकात वेगळी बिअर. आप्पांनी पाटीकडे पाहिलं. "हे काय, तीर्थ का?"

पहिला ग्लास गव्हाच्या बिअरचा. आप्पांनी नाक खाली नेलं आणि डोळे उघडले. "केळं."

"येस सर, बनाना नोट्स," वेटर म्हणाला.

"नोटा राहू द्या. केळं रावेरचं का यावलचं?"

यात केळं अजिबात नाही, हे पटवायला वेटरला घाम फुटला. ही जर्मन पद्धतीची बिअर, आंबवताना तिच्यातलं यीस्टच हा वास तयार करतं, सोबत थोडी लवंगेची छटा देतं. पिकलेल्या केळ्यात असतो तोच आयसोअमाइल अ‍ॅसिटेट इथेही असतो. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि ग्लास खाली ठेवला. "म्हणजे आमच्या लोकांनी घड सांभाळायचे, वादळात बाग आडवी झाली की पंचनाम्याची वाट पाह्यची, अन् हे बुरशीवर केळं पिकवून राह्यले!" शेजारच्या टेबलावरची मंडळी वळून पाहू लागली. भाचा मेन्यूकार्डात शिरला.

दुसरा ग्लास बेल्जियन होता, फिकट आणि गढूळ. आप्पांनी घोट घेतला, खेळवला, तोंड मिटलं, नाकानं श्वास सोडला. "संत्र्याची साल. अन् धने. भाजलेले नाहीत, कच्चेच कुटलेत." वेटर आत गेला, आणि बिअर बनवणारा पोरगा स्वतः बाहेर आला. दाढीवाला, हातात रबरी मोजे. हो, धनेच, तेही कच्चेच. आजवर पुष्कळांनी संत्रं ओळखलं, धने फारसे कुणी ओळखत नाहीत, असं म्हणून त्यानं आप्पांशी हात मिळवला. तो हात आप्पांनी पुढची दोन वर्षं खाली घेतलेला नाही.

तिसरा ग्लास कडवट बिअरचा. इंग्लंडहून हिंदुस्थानात जहाजानं यायला महिनोन् महिने लागत, बिअर टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स जास्त घालत, असं वेटरनं सांगितलं. आप्पांच्या चेहऱ्यावर कारलं उमटलं होतं. "म्हणजे आपल्याला पाठवायची म्हणून मुद्दाम कडू केली?" त्यांनी शेवभाजी आहे का विचारलं. नाचोज आले. नाचोजवर त्यांचं मत इथे देण्याजोगं नाही.

उधन्याला परतले ते घोटभास्कर होऊनच. ही पदवी मीच दिली, आणि थट्टेत दिली, पण आप्पांनी ती विनयानं स्वीकारली. सोडागाडीवर रोज संध्याकाळी सातला पाळी बदलते तेव्हा बैठक भरू लागली. बंगळूरच्या अमृतनं २००४ साली आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकायला काढली, ही हकिगत सांगताना आप्पांची छाती अशी फुगते की जणू पिंप त्यांनीच वाहून नेलं. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यांना आनंद झाला. २०१६ साली जळगावच्या केळ्याला मिळालं तेव्हा त्याहून जास्त. "दोन्ही फळांचाच मान," म्हणाले. १९५४ पासून चालत आलेल्या ओल्ड मंकवर मात्र ते मत देत नाहीत. "घरच्या माणसाला गुण देत नसतात."

कॉकटेलांवर त्यांचा राग होता. मुंबईला एका साखरपुड्यात त्यांना काचेच्या घुमटाखाली झाकलेला ग्लास देण्यात आला. घुमट उचलला, आतून धूर निघाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आप्पा शांतपणे म्हणाले, "धुंगार आहे. माझी आई ताकाला द्यायची, निखाऱ्यावर तूप टाकून. तिला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत." दुसऱ्या एका ग्लासात वर अंड्याच्या पांढऱ्याचा फेस होता. तो त्यांनी चमच्यानं बाजूला काढून बशीत ठेवला, आणि मग खालच्या व्हिस्कीला साठ टक्के गुण दिले.

हा राग निवळला तो इतिहासामुळे. योहान आल्ब्रेश्ट फॉन मांडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी १६३८ साली सुरतेला आला होता. इंग्रजांची वखार इथे १६१३ पासूनच होती. वखारीतली मंडळी एकत्र बसून जे पेय घेत, त्यात काय काय असतं ते त्यानं लिहून ठेवलं आहे: कडक दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. पुढे युरोपभर गाजलेल्या पंचच्या सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक, आणि आजची कॉकटेलं याच घराण्यातली. हे मी आप्पांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सोडागाडीवर ही माहिती त्यांच्या मालकीची झालेली होती. जर्मन गळाला होता, वखार सरकून उधना दरवाजाजवळ आली होती, आणि "शिवाजी महाराजांनी सुरत लुटली त्याच्या सव्वीस वर्षं आधीची गोष्ट" अशी पुस्ती जोडली गेली होती. बेरीज-वजाबाकीत मात्र आप्पा चुकत नाहीत. मग त्यांनी सोडावाल्याकडून गुलाबाचं सरबत, लिंबू, साखर आणि सोडा असा ग्लास बनवून घेतला. मद्याच्या जागी सोडा, बाकी सगळं मांडेल्स्लोच्या बरहुकूम. "आप्पा स्पेशल" नावानं तो आता वीस रुपयांना मिळतो आणि चांगला लागतो. हे माझं मत, आप्पांचं नव्हे. त्यांच्या मते लिंबू जरा पुढे येतं.

कायद्यानं प्यायची एक वाट गुजरातेतही आहे. वयाची चाळिशी उलटलेल्याला प्रकृतीच्या कारणावरून, डॉक्टरांच्या शिफारशीनं परवाना मिळू शकतो. आप्पा चौकशीला आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. झोप? लूमच्या खडखडाटात गाढ. रक्तदाब? पोराटोरांसारखा. काळजी, चिंता? ती वहिनींच्या खात्यावर. डॉक्टरांनी हात जोडले. धडधाकट असल्याचा पश्चात्ताप झालेला आप्पांइतका दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनं गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत तिथले कर्मचारी आणि अधिकृत पाहुणे यांच्यापुरती सूट दिली, तेव्हा आप्पांनी गंभीरपणे विचारलं, "तिथं वॉचमन लागतात का हो?"

एका पेयावर मात्र आप्पा कधीच बोलत नाहीत. गल्लीबोळात प्लॅस्टिकच्या पोटलीतून जे मिळतं, त्याचं नाव निघालं की ते ग्लास खाली ठेवतात. जुलै २०२२ मध्ये बोटादकडे मिथेनॉल प्यायल्यानं चाळीसहून अधिक माणसं गेली. सोडागाडीवर त्या आठवड्यात कुणीतरी नेहमीच्या सवयीनं विचारलं, आप्पा, चव कशी लागत असेल? आप्पा उठून घरी गेले. त्यांच्या खात्यातला एक कामगार असाच डोळे गमावून गावी परतला होता, हे मला नंतर कळलं. रसिकतेचे सगळे लाड पैसेवाल्याचे, आणि पोटलीचा मार मजुराचा. दारूबंदीच्या बाजूनं बोला नाहीतर विरोधात, एवढी गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य करावी लागेल.

आता वहिनींचं मत. घोटभास्करांच्या घरात ते विचारायची कुणाची छाती होत नाही, पण वहिनी न विचारताच देतात. "यांची जीभ म्हणे! दिवाळीपासून चहाची पत्ती बदललीय मी, रोज दोन वेळा पिऊन राह्यले, अजून पत्ता नाही." आप्पांनी यावर खुलासा केला की चहा हे पेय नसून सवय आहे, आणि सवयीची समीक्षा होत नसते. वहिनींनी कप उचलून नेला.

माझं म्हणाल तर मी दोघांच्याही बाजूचा. आप्पांनी पुण्यात धने ओळखले, ते कच्चे आहेत हेही ओळखलं. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि पत्ती ओळखली नाही, हेही खरं. महिन्याला चार नव्या बिअर पिणारा माणूस चार दिवसांत पहिली विसरतो. आप्पांना दमणच्या एका दुपारचा एक घोट सात वर्षांनीही वासासकट आठवतो, दर वेळी थोडा सुधारून.

तेव्हा पुण्या-मुंबईहून, नाशिकहून, गोव्याहून कुणी उधन्याला पाहुणे येणार असाल तर एक विनंती. बाटली आणू नका. गुन्हा आहे, आणि आप्पा ती दारातूनच परत पाठवतील. तिकडे नवं काही चाखलं असेल तर नाव, रंग, वास आणि घोट गिळल्यावर मागे काय राहिलं, हे चार ओळींत कागदावर लिहून आणा. चव कशी होती ते तुम्हाला आप्पा सांगतील.