फाउंडेशनचं फाउंडेशन

बदलापुरात पूर्वी फक्त इमारतींचा पाया भरत. आता मुलांचाही भरतात. सहावीतच गणिताची ‘फाउंडेशन बॅच’! या दूरदृष्टीला तोड नाही. सकाळी सातला क्लासचं गणित, दुपारी शाळेचं, संध्याकाळी दोन्हीकडचं राहिलेलं. मध्ये जेवण असतं म्हणे. पण सहावी म्हणजे जरा उशीरच झाला. बारशालाच ॲडमिशन घेतली, तर पाळण्याचे झोके तरी मोजून होतील.

अंबरनाथचं शिवमंदिर शके 982चं, म्हणजे इ.स. 1060चं. घडवणाऱ्यांनी कुठली बॅच केली होती कोण जाणे! तरी अजून उभं आहे, हे नशीबच.

शेजारच्या सातवीतल्या चिरंजीवांना चाचणीत प्रश्न आला: बदलापूर ते सीएसएमटी 68 किमी, लोकलचा वेग ताशी 40 किमी, तर वेळ किती? उत्तर, 1 तास 42 मिनिटं. यांनी लिहिलं, ‘कल्याणच्या अलीकडे किती वेळ उभी राहील, ते दिलेलं नाही.’

शून्य गुण. सरांनी बाबांना सातला भेटायला बोलावलं. बाबा पावणेनऊला पोचले. गाडी विठ्ठलवाडीला उभी होती.