शोकोवेझाचा पेपर : एकूण गुण ५०

प्रस्तुत मार्गदर्शिका अमेरिकेत मुलाकडे, मुलीकडे किंवा भाच्याकडे सहा महिन्यांच्या मुक्कामाला गेलेल्या सभ्य मराठी माणसांसाठी आहे. त्या मुक्कामात कॉस्टकोची फेरी जितकी अटळ, तितकीच एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी फ्रीजमधून निघणारी काळी बाटलीही अटळ. भाचा ती दोन्ही हातांनी धरून आणतो, टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "मामा, ही प्यायची नसते हं. ही टेस्ट करायची असते." आपल्या समजुतीप्रमाणे आपण बसायला आलेलो असतो, प्रत्यक्षात परीक्षेला बसलेलो असतो. तेव्हा अभ्यासक्रम आधी पाहून ठेवलेला बरा.

नमुना म्हणून स्टोन ब्रुइंगची शोकोवेझा ही बिअर घेऊ. सॅन दिएगोच्या उत्तरेला एस्कोंदिदो नावाचं गाव आहे, तिथली ही ब्रुअरी, १९९६ पासूनची. तिने भरवलेल्या घरगुती ब्रुअरांच्या स्पर्धेत २०१४ साली ही पाककृती पहिली आली आणि सीमेपलीकडच्या तिहुआनातल्या इन्सुर्हेंते या ब्रुअरीला सोबत घेऊन स्टोनने ती मोठ्या टाकीत उतरवली. मेक्सिकोत मसाला घातलेलं गरम चॉकलेट पितात, ते बिअरमध्ये आणण्याचा हा खटाटोप. साहित्य : कोको, कॉफी, पासिया मिरची, व्हॅनिला, दालचिनी, जायफळ, आणि वर दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. यादी ऐकून मामी स्वयंपाकघरातून विचारतील, "आणि बिअर कधी घालायची त्यात?" प्रश्न रास्त आहे, पण पेपरात येत नाही.

इथे एक सावधगिरीची सूचना. ही 'क्राफ्ट बिअर' आहे असं भाचा तीनदा सांगेल. स्टोन ब्रुइंग २०२२ साली जपानच्या सापोरो कंपनीने विकत घेतली. छोट्या ब्रुअरांच्या अमेरिकी संघटनेच्या व्याख्येत, क्राफ्ट नसलेल्या दारू कंपनीची मालकी २५ टक्क्यांवर गेली की 'क्राफ्ट' हे विशेषण सुटतं. ही माहिती खरी असली तरी पहिल्या घोटाआधी काढू नये. तुम्ही त्याच्या घरी राहता आहात.

आता प्रश्नपत्रिकेचं स्वरूप. अमेरिकेत १९८५ पासून बिअरच्या परीक्षकांचीच परीक्षा घेणारी एक संस्था आहे. ती बीजेसीपी या आद्याक्षरांनी ओळखली जाते आणि तिची गुणपत्रिका जगभर चालते. गंधाला १२ गुण, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५, एकंदर मताला १०. पंचेचाळिसापासून पुढे 'असामान्य', तेरापर्यंत 'सदोष'. मात्र बिअर कितीही बिघडलेली असली तरी तेराच्या खाली शक्यतो जायचं नाही, असा सौजन्याचा संकेत आहे. आपल्याकडच्या कोणत्याही बोर्डाला आपलासा वाटेल असा तो संकेत आहे.

पूर्वतयारी. बाटली फ्रीजमधून काढल्या काढल्या ओतायची नाही. चार अंशांवर जायफळ, कोको, दालचिनी सगळे गारठून गप्प असतात. या जातीच्या बिअरला १० ते १३ अंश सेल्सियस लागतात, म्हणजे बाटली टेबलावर ठेवून पंधरा-वीस मिनिटं तिच्याकडे बघत बसायचं. मराठी माणसाला हा टप्पा सर्वांत जड जातो. 'चिल्ड आहे ना?' हा प्रश्न आपण बिअरबद्दल विचारत आलो, आणि इथे भाचा ती मुद्दाम कोमट करतो आहे! पण या सगळ्या सोहळ्यात शंभर टक्के खरा असा हाच नियम आहे. बाकीचे विसरलात तरी चालेल.

ग्लास पोटाला रुंद आणि तोंडाला अरुंद हवा, म्हणजे वास आत कोंडून राहतो. स्टीलचा पेला मागू नका. भांडी घासायच्या साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर फेस बसतो, म्हणून ग्लास नुसत्या पाण्याने पुन्हा विसळून घ्यावा. याच कारणाने चकण्याचा प्रश्न निकालात निघतो. फेस प्रथिनांवर उभा असतो आणि स्निग्ध पदार्थाने मोडतो. चिवडा खाल्लेले ओठ ग्लासाला लागले की तिथून फेस मागे सरकतो. परीक्षेच्या टेबलावर साधा पाव आणि पाणी एवढंच चालतं. मामींनी प्रेमाने भजी तळली असतील तर ती पेपर सुटल्यावर. गंमत अशी की कोकोच्या बियांतही भरपूर तेल असतं, त्यामुळे चॉकलेटच्या बिअरचा फेस मुळातच जरा नाजूक असतो. दोष भज्यांना देण्याआधी हे ध्यानात असू द्यावं.

रूपाचे ३ गुण झटपट घ्यायचे. ग्लास दिव्यासमोर धरून बिअर स्वच्छ आहे की गढूळ ते पाहायचं असतं. बिअर डांबरासारखी काळी आहे, पलीकडचा दिवा दिसत नाही, तरी धरायचा. कडेला किंचित लालसर झाक दिसली तर "रुबी" म्हणायचं. नाही दिसली तरी म्हणायचं. फेसाचा रंग बदामी. पुढे चला.

गंध, १२ गुण. इथे घाई करणारा नापास होतो. ग्लासाच्या तोंडावर तळहात ठेवून ग्लास गोल फिरवावा, हात काढावा आणि छोटे छोटे वास घ्यावेत. एक दीर्घ श्वास घेतला तर नाक मद्यार्काने बधिर होतं आणि पुढची दहा मिनिटं सगळ्याला स्पिरिटचा वास येतो. मग भाचा विचारेल, "काय जाणवतंय?"

उत्तर द्यायच्या आधी एक तांत्रिक बाब. यातला बराचसा चॉकलेटचा वास चॉकलेटचा नसतो. बार्लीला मोड आणून, सुकवून, मग ती कॉफीसारखी भाजतात. कमी भाजली तर बिस्किट, जास्त भाजली तर कोको, आणखी भाजली तर जळका पाव. कोकोच्या टप्प्यावर थांबवलेल्या माल्टला बाजारात 'चॉकलेट माल्ट'च म्हणतात, आणि त्यात चॉकलेटचा कणही नसतो. लंडनमध्ये डॅनियल व्हीलर या गृहस्थांनी १८१७ साली माल्ट भाजायच्या पिंपाचं पेटंट घेतलं, तेव्हापासून पोर्टर आणि स्टाउट या बिअरी खऱ्या अर्थाने काळ्या झाल्या. शोकोवेझात याच्या जोडीला खरा कोकोही आहे, पण साखरेविना. त्यामुळे 'चॉकलेट' ऐकून ज्यांच्या डोळ्यांसमोर वाढदिवसाचं पाकीट आलं, त्यांची निराशा ठरलेली. हा कोको कडू असतो, आणि कडूच असायला हवा.

तर, "काय जाणवतंय?" या प्रश्नाला जाणकारांची छापील उत्तरं अशी : डार्क फ्रूट, लेदर, तंबाखू, ओली माती, जुन्या लाकडाचा संदूक. यांतल्या 'लेदर'शी आपला संबंध चपलेपुरता, आणि चपलेचा वास आला तर बिअर परत करावी. दुसऱ्याच्या नाकाने वास घेण्याचा हा उद्योग मला मुळीच मान्य नाही. जायफळ हुंगताच ज्याला पुरणपोळी आठवते त्याने 'पुरणपोळी' म्हणावं, आणि ठणकावून म्हणावं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने दालचिनीची 'कोकण तेज' आणि जायफळाची 'कोकण सुगंधा' अशी वाणं काढली आहेत. ज्याच्या माहेरी किंवा आजोळी परसात यांतलं एखादं झाड उभं आहे त्याला एस्कोंदिदोकरांनी वास शिकवण्याची गरज नाही. भाचा थोडा हिरमुसेल. मग तोच पुन्हा हुंगेल आणि हळूच म्हणेल, "खरंच की, मामा." हे बाराचे बारा गुण समजा.

चवीला २० गुण. पहिला घोट तोंडभर फिरवायचा आणि गिळायचा. वाइनवाले थुंकतात, बिअरवाले गिळतात. या एका रूढीसाठी मी बिअरवाल्यांचा आदर करतो. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडावा. घशामागून नाकात जाणारा वास हाच चवीचा मोठा भाग असतो. सर्दीत जेवण बेचव लागतं ते याचमुळे. आधी भाजलेला कडवटपणा, मग लॅक्टोजचा गोडवा, मग दालचिनी. बिअरच्या यीस्टला लॅक्टोज पचत नाही, म्हणून बाकी सगळी साखर फस्त झाल्यावरही तेवढा गोडवा मागे उरतो.

आणि मग मिरची. इथे मराठी परीक्षार्थी हमखास अडखळतो. भाचा उत्सुकतेने विचारतो, "तिखट लागतंय?" पासिया ही वाळवलेली, जवळजवळ काळी मेक्सिकन मिरची, तिचा मान मनुकेसारख्या गंधाचा, तिखटाचा फारसा नाही. ठेच्यावर वाढलेल्या जिभेला ती मिरची आहे हेसुद्धा कळत नाही. पण "नाही बुवा" म्हणणं असंस्कृतपणाचं ठरतं. योग्य उत्तर : "मागून येतंय." हे उत्तर कोणत्याही मिरचीच्या बिअरला चालतं आणि शास्त्रालाही धरून आहे. तिखट ही चव नव्हेच. कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णतेच्या चेतातंतूंना डिवचतं, मद्यार्क त्याच तंतूंना आणखी हळवं करतो, आणि दाह जरा उशिरा, घशाशी जाणवतो. एखाद्याकडे पासियाऐवजी हाबानेरो घातलेली बाटली निघाली तर मात्र नाटक करावं लागणार नाही. अशा वेळी 'लॅक्टोजची मिल्क स्टाउट आहे, दुधाने उतरेल' या भरवशावर राहू नये. मिरची शमवतं ते दुधातलं केसिन, आणि या बिअरमध्ये दुधातली फक्त साखर आलेली असते. सरळ फ्रीजमधलं दही मागावं.

दोष काढता आला तर वजन वाढतं. लोण्याचा वास आला तर डायअसेटिल, उकडलेल्या मक्याचा आला तर डायमिथाइल सल्फाइड, भिजलेल्या पुठ्ठ्याचा आला तर बिअर शिळी. हे शेवटचं सांगताना आवाज मवाळ ठेवावा, कारण ही बाटली भाच्याने तुमच्यासाठी दोन वर्षं कपाटात जपून ठेवलेली असण्याची शक्यता आहे.

स्पर्शाचे ५ गुण एका वाक्यात मिळतात : "अंगाने भरलेली आहे, पण चिकट नाही."

काहीच सुचत नसेल तर इतिहासात शिरावं. हिंदुस्थानात जाणाऱ्या इंडिया पेल एलची कथा भाच्याला पाठ असते. त्याला सांगावं की कंपनी सरकारच्या गोऱ्या शिपायांसाठी हिंदुस्थानात जहाजं भरभरून यायची ती काळी पोर्टर. रशियाच्या कॅथरीन राणीच्या दरबारी लंडनच्या थ्रेल ब्रुअरीतून जास्त कडक स्टाउट जायची हेही घालावं. आणि अगदीच कोंडी झाली तर होंडुरासच्या प्वेर्तो एस्कोंदिदो इथल्या उत्खननाकडे वळावं. तिथे इसवी सनापूर्वी १००० च्याही आधीच्या मातीच्या भांड्यांत कोकोच्या पेयाचे अंश सापडले आहेत, आणि ते पेय फळाच्या गराला आंबवून केलेलं असावं असा संशोधकांचा तर्क आहे. म्हणजे कोकोची दारू आधीची आणि चॉकलेटची वडी फार नंतरची. हे एस्कोंदिदो आणि ब्रुअरीचं एस्कोंदिदो वेगळं. घोळ केलात तर गुण कापले जातील.

एकंदर मताचे १० गुण देताना माणूस उघडा पडतो. माझं विचाराल तर शोकोवेझाला मी ३६ देईन, म्हणजे 'फार चांगली'. कॉफी जरा दांडगाई करते, दालचिनी शेवटपर्यंत हटत नाही आणि दुसऱ्या ग्लासाची इच्छा होत नाही. बिअरच्या बाबतीत ही शेवटची गोष्ट मी गंभीर समजतो. पण पहिले दोन घोट, थंडीच्या संध्याकाळी, बारा अंशांवर, उत्तम.

आता थट्टा बाजूला. या बिअरमध्ये मद्यार्क ८.१ टक्के असतो. ३५५ मिलिलिटरची एक बाटली म्हणजे अमेरिकी मापाने दीडाहून जास्त पेग, आणि गोडव्यामुळे ते जाणवत नाही. कॅलिफोर्नियात गाडी चालवण्याची मर्यादा रक्तात ०.०८ टक्के आहे, आपल्याकडे ०.०३. दोन्हीकडे किल्ली आधीच दुसऱ्याच्या हाती द्यावी. उघडलेली बाटली दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही, वायू निघून जातो. तेव्हा एकट्याने संपवण्यापेक्षा चार जण जमवा, मामींनाही बोलवा. जायफळ किती पडलंय ते त्याच नेमकं सांगतील.