छापील किमतीचा ताप

साड्यांच्या दुकानांत सेल लागतो आषाढात. मेडिकलवाल्यांचा आषाढ बारा महिने चालतो. एकाच्या दारावर ‘सर्व औषधांवर १५ टक्के सूट’, समोरच्याच्या दारावर २०, मोबाइलवर २५. बीपी-शुगरची माणसं हल्ली रीडिंगच्या जोडीने कुपन कोडही लिहून ठेवतात.

जरा हिशेब मांडू या. किंमत नियंत्रण नसलेल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला २० टक्के आणि घाऊकवाल्याला १० टक्के, ही या धंद्यातली जुनी रीत. नियंत्रण असलेल्या औषधांवर किरकोळवाल्याला १६ टक्के. मग २० टक्के सूट वाटणारा दुकानदार स्वतः खातो काय?

एक तर तो संत आहे, नाहीतर छापील किंमत फुगवलेली आहे.

भूमी संतांची असली तरी पहिली शक्यता सोडून देऊ.

गोळ्यांची पट्टी उलटी करून बघा. बारीक अक्षरांत अनेकदा दोन नावं सापडतात. बनवणारा वेगळा, विकणारा वेगळा. बनवणारा हिमाचलातल्या बद्दीचा नाहीतर हरिद्वारकडचा. एकाच छपराखाली वेगवेगळ्या कंपन्यांसाठी तीच गोळी तयार होते आणि फाटकाबाहेर पडताना नाव बदलतं, भाव बदलतो. मेटफॉर्मिन, अम्लोडिपिन, ॲटोरव्हास्टॅटिन, टेल्मिसार्टन यांच्यावर आता कुणाचंही पेटंट नाही. मग जादा पैसे कशाचे?

बारशाचे. बारसं कंपनीचं, घुगऱ्यांचा खर्च पेशंटचा.

पेटंट संपलं की खरा भाव कसा उघडा पडतो, ते मार्च २०२५ मध्ये दिसलं. शुगरवरची एम्पाग्लिफ्लोझिन ही साधारण ६० रुपयांची गोळी नव्या नावांनी दहा रुपयांच्या आत आली. चिठ्ठीवर जुनंच नाव चालू राहिलं, तर ही आनंदाची बातमी पेशंटला कळवायची कुणी? एम.आर.ने?

सरकार काय करतं, असं विचारू नका. करतं की! २०१३च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने अत्यावश्यक यादीतल्या औषधांना कमाल किंमत ठरवून दिली जाते. पूर्वी ती उत्पादन खर्चावरून ठरायची. आता बाजारात एक टक्का किंवा त्याहून जास्त वाटा असलेल्या ब्रँडांचे दुकानदाराला पडणारे भाव घ्यायचे, त्यांची सरासरी काढायची आणि वर १६ टक्के चढवायचे. म्हणजे विकणाऱ्यांनाच विचारायचं, ‘साधारण किती ठेवू या?’ आणि आलेलं उत्तर राजपत्रात छापायचं.

यादीबाहेरच्या औषधांना वर्षाला १० टक्के दरवाढीची मुभा आहे. ईपीएस-९५वाल्यांची किमान पेन्शन २०१४ साली हजार रुपये ठरली होती. तिच्यासाठी कुठला नियंत्रण आदेश काढावा लागला नाही. ती आपोआप नियंत्रणात राहिली.

शिवाय जोडगोळी आहेच. यादीत एकटं टेल्मिसार्टन आहे, एकटं अम्लोडिपिन आहे. दोघांचं लग्न लावून दिलं की जोडप्याला एकट्याची कमाल किंमत जशीच्या तशी लागत नाही. ‘दोनऐवजी एकच गोळी, तुमच्या सोयीसाठी.’ (विसरभोळ्यांना ती खरंच सोयीची पडते, हे मान्य.) पण बिल बघितल्यावर सोय नक्की कुणाची झाली ते कळतं.

या बाजाराची गंमत अशी की निवड एकाची, विक्री दुसऱ्याची आणि खिसा तिसऱ्याचा. नियमानुसार दुकानदाराला चिठ्ठीवरचं औषध परस्पर बदलता येत नाही, आतला घटक तोच असला तरीही. प्रत्यक्षात काउंटरवर रोज ऐकू येतं, ‘ते संपलंय, हे घ्या, सेमच आहे.’

हे ‘सेम’ कधी स्वस्तातलं निघालंय?

१९७५ साली हाथी समितीने सांगून ठेवलं होतं की औषधांची ब्रँडनावं टप्प्याटप्प्याने काढून टाका. पन्नास वर्षं होऊन गेली, पहिला टप्पा वाटेत आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने फर्मावलं, डॉक्टरांनी औषधाचं मूळ नावच लिहावं. डॉक्टरांच्या संघटना उठल्या, ‘दर्जाची हमी कोण देणार?’ म्हणाल्या. तीन आठवड्यांत नियमाला स्थगिती. नियमाचा कोर्स अँटिबायोटिकपेक्षा थोडा लांबला, इतकंच.

दर्जाची शंका खोटी नाही. केंद्रीय औषध नियंत्रकांकडून दर महिन्याला नापास औषधांची यादी निघते. अडचण एवढीच की त्या यादीत नावाजलेले ब्रँडही अधूनमधून भेटतात. मग नावाचे जे मोजले, ते कशाचे मोजले?

मेडिक्लेमचं तर विचारूच नका. हॉस्पिटलपासून लांब ठेवणाऱ्या गोळ्यांना बहुतेक पॉलिसी एक रुपया देत नाहीत. ऐन साठीत गोळ्या सोडा, झटका येऊ द्या, ॲडमिट व्हा, मग कॅशलेस.

काही बचतबहाद्दर हा मार्ग नकळत धरतातही. बीपीची गोळी एक दिवसाआड, ‘आज बरं वाटतंय’ म्हणून शुगरचीही सुट्टी. महिन्याचे निम्मे पैसे वाचतात आणि आयसीयूत एका रात्रीत फिटतात. वाचवायचेच असतील तर डॉक्टरांसमोर सगळ्या पट्ट्या ओता आणि विचारा, ‘यातली कुठली बंद करता येईल? आणि उरलेल्यांची मूळ नावं लिहून द्याल का?’ थायरॉइड, फिट्स, रक्त पातळ ठेवणारी गोळी, इथे मात्र त्यांना विचारल्याशिवाय कंपनीही बदलू नका. बाहेर वीस माणसं ताटकळली असताना हे विचारायला धाडस लागतं, खरं आहे. पण अडीच हजारांचं बिल मुकाट्याने भरायला काय कमी लागतं?

२००८ पासून जनऔषधी केंद्रं आहेत. आता पंधरा हजारांच्या वर गेलीत. आघाडीच्या तीन ब्रँडांच्या सरासरी किमतीच्या निम्म्याहून जास्त भाव लावायचा नाही, असा तिथला दंडक. चार औषधं मागितली तर दोन मिळतात, तिसरं सोमवारी येतं आणि चौथ्याचं नाव ऐकून काउंटरवरचा मुलगा आपल्याकडेच सहानुभूतीने बघतो. तरीही त्या दोन पट्ट्यांत महिन्याचे काहीशे रुपये सुटतात.

पण घरी सूनबाई म्हणतात, ‘बाबा, एवढी स्वस्त? नको हं.’ पुण्यातला मुलगा फोनवरून बजावतो, ‘पैशांकडे बघू नका, चांगल्या कंपनीचीच घ्या.’ पैसे अर्थातच बाबांच्या पेन्शनीतले.

आणि बाबा? ते केंद्रात जातात, बारा रुपयांची पट्टी चष्म्याच्या वरून-खालून न्याहाळतात आणि हळूच विचारतात, ‘यातच जरा भारीतली नाही का?’